आमच्या पट्ट्याचे कागद तुमच्या फोनमध्ये आहेत

प्रति,
विदर्भात वनहक्काचं काम करणाऱ्या संस्था, संघटना, अभ्यासक आणि सर्वेक्षणाला गावात येणारी मित्रमंडळी यांस

जय सेवा, जोहार.

मागच्या वर्षी मोहफुलं संपत आली होती आणि तेंदूची फळी, म्हणजे पानं गोळा करायचं ठिकाण, अजून लागायची होती. त्या मधल्या रिकाम्या दिवसांत आमच्या टोल्यावरच्या एका आजीला फोन आला. फोन नातवाचा, पण पलीकडच्याने नाव आजीचं घेतलं. मेलेल्या नवऱ्याचं नाव बरोबर सांगितलं, जंगलाचा कक्ष क्रमांक सांगितला, दावा किती आरचा आहे तेही सांगितलं. ‘तुमचा पट्टा मंजूर झाला, मोजणीची फी आजच भरा, नाहीतर फाईल परत जाते.’ आजीने दोन बकऱ्या विकल्या, नातवाने पैसे पाठवले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या दारात उभी. तक्रार घेऊन नव्हती आली, खुशीत होती. ‘पट्टा झाला म्हणते बाबू, तू आणून दे.’

पट्टा म्हणजे कसत आलेल्या वनजमिनीवरच्या हक्काचा कागद, आणि तो मागायचा अर्ज म्हणजे दावा. वनहक्काच्या दाव्याला फी नसते. कोरा फॉर्मसुद्धा फुकट मिळाला पाहिजे असं नियमातच आहे. हे मी बैठकीत निदान चारदा सांगितलेलं, आणि तिला ते आठवतही होतं. मग पैसे दिले कसे? तर म्हणाली, ‘तेवढं सारं त्याले माहीत होतं ना. आपल्या घरचं एवढं सरकारलेच माहीत राह्यते.’

मी आमच्या गावच्या वनहक्क समितीचा सचिव होतो. आजीचा दावा मीच भरला. नवऱ्याचं नाव, कक्ष, क्षेत्र आणि नातवाचा मोबाइल नंबर हे चारही एकत्र असलेला कागद माझ्या माहितीत एकच, आणि तो मीच तयार केलेला. तालुक्याच्या एका संस्थेने ‘उद्यापर्यंत माहिती पाठवा’ म्हणून एक्सेलचा तक्ता धाडला होता. नाव, नवरा किंवा बाप, वय, जात, कक्ष, क्षेत्र, मोबाइल, आधार, बँक खातं, आणि सगळ्यांत शेवटी ‘शेरा’. शेऱ्याच्या रकान्यात मी काय काय लिहून ठेवलं होतं ते आता वाचलं की कान गरम होतात. ‘विधवा.’ ‘दुसरी बायको, पहिलीचा पोरगा भांडतो.’ ‘पुरावा कच्चा.’ ‘दारू पितो, सहीला सकाळीच गाठणे.’ रेंज मिळावी म्हणून टेकडीवर चढलो आणि ती यादी व्हॉट्सॲपच्या तालुका ग्रुपवर टाकली. ग्रुपमध्ये दोनशेच्या वर माणसं, त्यातली निम्मी मी कधी पाहिलेली नाहीत. तेंदू ठेकेदाराचा एक मुनीमही त्यात होता हे मागाहून कळलं. त्यानेच यादी बाहेर दिली असं मी म्हणत नाही. कुणी दिली ते आता सापडायचं नाही, कारण ती कितीतरी फोनांत आजही पडून आहे.

तेव्हा या पत्रात पहिलं बोट माझ्याकडे आहे. पण तो तक्ता मी बनवला नव्हता, आणि तसा तक्ता मागणारे तुम्ही एकटेदुकटे नाही, म्हणून जाहीर लिहितो.

तुमचं ऋण मोठं आहे, ते आधी मान्य करतो. २००६ चा वनहक्क कायदा गावात आला तेव्हा तो आम्हाला गोंडीत समजावून सांगणारी माणसं तुमच्यातलीच होती. ‘जबरानजोतवाले’, म्हणजे वनजमीन बळजबरीने कसणारे, म्हणून दंडाच्या पावत्या फाडून घेणाऱ्या आमच्या बापांना, ती पावती फेकू नका, तोच पुरावा आहे, हे तुम्ही सांगितलं. २००९ साली आपल्याच जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, तेव्हा आमच्यासारख्या किती गावांना हिंमत आली! कागद गोळा करण्याची सवय आपल्याला त्या लढाईनेच लावली. जितका जाड गठ्ठा तितका पक्का दावा, असं आपण सगळेच मानत आलो. खोड तिथेच आहे.

कायदा खरं म्हणजे फार थोडं मागतो. वैयक्तिक दाव्याचा ‘नमुना अ’ काढून बघा. दावेदाराचं नाव, नवरा-बायको, आईबाप, पत्ता, अनुसूचित जमातीचे की नाही, घरातली माणसं नि त्यांची वयं, जमीन किती, पुरावा काय. मोबाइल नंबर त्यात नाही, आधार नाही, बँकेचं खातं नाही. पुराव्याच्या नियम १३ मध्ये मतदार ओळखपत्र आहे, रेशन कार्ड आहे, घरपट्टीची पावती आहे, बांध, विहीर, मसणवटी, देवाची जागा आहे, गावातल्या जाणत्या माणसाचं लेखी निवेदन आहे. आधारचा उल्लेख नाही, आणि असणार तरी कसा? नियम २००८ चे, आणि देशातलं पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० ला दिलं गेलं, तेही आपल्याच राज्यात, नंदुरबारमधल्या टेंभली या आदिवासी गावात. अमुकच कागद हवा असा हट्ट दावे तपासणाऱ्या उपविभाग आणि जिल्हा समितीने धरू नये, हे २०१२ च्या दुरुस्तीत स्पष्ट केलं आहे. तरी आमच्या गावातल्या एकेका दाव्याला आधारच्या तीन-तीन झेरॉक्स जोडलेल्या आहेत. एक दाव्याला, एक संस्थेला, एक ‘असू द्या, लागेल कधी’ म्हणून.

त्या ‘लागेल कधी’वाल्या झेरॉक्सचं पुढे काय होतं ते बघा. सेतू केंद्रात किंवा गावात येणाऱ्या बँक मित्राकडे अंगठा लावून पैसे काढायला तीन गोष्टी लागतात: आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि बोटाचा ठसा. आमच्या दाव्याच्या गठ्ठ्यात तिन्ही एका टाचणीत टोचलेल्या असतात. आधारची प्रत, पासबुकचं पहिलं पान, आणि निवेदनाखाली शाईचा अंगठा, तोही ठसठशीत, कारण पुसट लागला तर आपणच पुन्हा लावून घेतो. जमिनीच्या दस्तांवरचे ठसे उचलून, त्यांचे नकली अंगठे बनवून लोकांची खाती रिकामी केल्याच्या बातम्या देशात आलेल्या आहेत. तेंदूचा बोनस जमा व्हायचा महिना कोणता, हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. बायोमेट्रिक लॉक नावाची सोय आहे, आधारच्या ॲपवरून ठसा बंद करून ठेवता येतो, हवा तेव्हा उघडता येतो. इतक्या शिबिरांना बसलो, पण हे कुणी शिकवलेलं मला आठवत नाही. भरपूर चार्ट मात्र शिकवले.

आता तुमच्यातले काही म्हणतील, आणि म्हणालेही आहेत, की ग्रामसभेचं काम उघड असतं, दावे सगळ्यांसमोर वाचले जातात, मग लपवायचं काय? रास्त प्रश्न आहे. माझं सारं म्हणणं याच प्रश्नाच्या उत्तरात आहे.

ग्रामसभेत दावा वाचला जातो तेव्हा समोर बसलेल्यांना तो आधीच माहीत असतो. कुणाचा बाप कोणत्या नाल्यापर्यंत नांगर धरायचा, कोण घरजावई म्हणून आला, कुणाच्या आईने दुसरं घर केलं, हे गावाला ठाऊक असतं. आणि ज्याला ठाऊक असतं त्यालाही उद्या त्याच विहिरीवर पाणी भरायचं असतं, त्याच फळीवर पुडे मोजायचे असतात. त्याने वावगं केलं तर त्याला गोटुलापुढे, म्हणजे गावाच्या बैठकीपुढे, उभं करता येतं. त्या उघडेपणाला चारी बाजूंनी कुंपण आहे. तोच दावा स्कॅन होऊन कुणाच्या गुगल ड्राइव्हवर गेला की कुंपण गेलं. तिथला वाचणारा आमच्या विहिरीवर येत नाही. त्याला आम्ही कोणत्या गोटुलापुढे उभं करायचं?

वंशावळीचंच घ्या. जमातीबाहेरच्या पारंपरिक वननिवासींना तर १३ डिसेंबर २००५ च्या आधीच्या तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, दाखवावी लागतात. त्यासाठी म्हाताऱ्या माणसांना आपण बोलतं करतो. ती बोलायला लागली की हद्दीपुरतं बोलत नाहीत. माझ्यासमोर एका बाईने निवेदन देता देता, तिचा थोरला कुणापासून झाला ते सांगून टाकलं. मी ते लिहून घेतलं. दाव्याशी त्याचा काडीचा संबंध नव्हता, लिहायच्या भरात लिहिलं गेलं. तिला वाचता येत नव्हतं. मी वाचून दाखवलं, पण भराभर. ते निवेदन पुढे एका अभ्यासकाने ‘फार छान केस आहे’ म्हणून फोटो काढून नेलं. त्या थोरल्याच्या पोरीचं आता लग्न जमतंय.

पारदर्शकतेबद्दल आणखी एक सांगतो, कारण या पत्राचा उलटा वापर होईल अशी मला भीती आहे. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. त्याच कायद्याने माहिती अधिकारातलं कलम ८ (१) (जे) बदललं, आणि ‘ही वैयक्तिक माहिती आहे’ एवढं म्हणून अर्ज फेटाळायची वाट रुंद करून ठेवली. दावा कोणत्या समितीत किती महिने पडून आहे, कोणत्या कारणाने नामंजूर झाला, तेंदूचा करार किती रुपयांना झाला, बांबूचे पैसे कुठे गेले, हे सारं चव्हाट्यावर आलंच पाहिजे. साहेबाने माझं पत्र पुढे करून ते झाकू नये. गाव साहेबाला विचारतं तो हिशेब वेगळा, आणि आजीचा आधार क्रमांक वेगळा. इतका साधा फरक करता येत नसेल तर कायदा शिकून काय उपयोग?

त्या कायद्यातली आणखी एक गंमत. तुमची माहिती घेतो, कशासाठी घेतो, हे माणसाला इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या भाषेत सांगण्याची सोय असली पाहिजे, असं त्यात आहे. संविधानाच्या आठव्या अनुसूचीत २२ भाषा आहेत. गोंडी त्यात नाही. २०११ च्या जनगणनेत सुमारे ३० लाख लोकांनी आपली भाषा गोंडी सांगितली, तरी नाही. मेळघाटातली कोरकू नाही, यवतमाळच्या कोलामांची कोलामी नाही, भामरागडकडची माडिया नाही. म्हणजे कायदा अगदी अक्षरशः पाळला तरी आमच्या आजीला समजेल अशा भाषेत तिला कुणी काही सांगेल याची हमी नाही. आणि कागदाच्या गठ्ठ्याला तो कायदा लागतच नाही. त्याचा फोटो काढला, स्कॅन केला, की मग लागतो.

याद्यांची भीती आम्हाला का वाटते ते तुमच्यातल्या शहरातून आलेल्यांसाठी थोडं लिहितो. यादी कशासाठी केली, हे यादीवर लिहिलेलं असलं तरी ते टिकत नाही. १३ फेब्रुवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने, ज्यांचे दावे नामंजूर झाले त्यांना वनजमिनीवरून हटवण्याचा आदेश दिला. २८ फेब्रुवारीला त्याला स्थगिती मिळाली. मधले ते पंधरा दिवस मला अजून आठवतात. हक्क मागायला म्हणून ज्यांनी नावं लिहून दिली होती, त्यांचीच नावं हाकलायच्या यादीत होती. यादी तीच, एका अक्षराचा बदल नाही. दावा केलाच नसता तर यादीत नाव आलं नसतं, असं लोक उघड म्हणू लागले, आणि माझ्याकडे त्यावर उत्तर नव्हतं. विदर्भातल्या पारधी बेड्यांवर, म्हणजे वस्त्यांवर, जाऊन विचारा, १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जमातीच्या जमातींच्या नोंदी केल्या त्याचं पुढे काय झालं, १९५२ ला कायदा रद्द होऊनही शिक्का पुसला गेला का.

आणि गडचिरोलीत आणखी एक यादी असते. बैठकीला कोण आलं होतं त्याची. या जिल्ह्यात अशी यादी दोन्हीकडच्यांना हवी असायची, आणि दोन्हीकडून विचारणा व्हायची. हे मी याहून जास्त उलगडून लिहिणार नाही. पण बैठक झाली रे झाली की तुम्ही सगळ्यांना उभं करून फोटो काढता, खाली नावं लिहिता, गावाचं लोकेशन टाकता, निधी देणाऱ्याला अहवाल पाठवायचा म्हणून. मोजायची असतील तर डोकी मोजा. ४२ माणसं आली, त्यात १९ बाया, असं लिहून अहवाल पुरा होतो. ग्रामसभेची गणपूर्ती, एकतृतीयांश बाया, हे सगळं ग्रामसभेच्या रजिस्टरात सह्या-अंगठ्यांसकट असतंच, आणि ते रजिस्टर गावात असतं. त्याचा फोटो मुंबईला कशाला?

नकाशांबद्दल थोडक्यात. सामूहिक दाव्यासाठी आपण जीपीएस घेऊन शिवारभर हिंडलो. हद्दीचे बिंदू लागतातच, त्यावर वाद नाही. पण हिंडता हिंडता औषधाची सफेद मुसळी कुठे आहे, मधाची झाडं कोणती, पेनठाणा म्हणजे आमच्या देवाची जागा कुठे, पुरलेली माणसं कुठे, हेही बिंदू घेतले गेले. कायद्याच्या कलम ३ (१) (ट) मध्ये जैवविविधतेवरचा आणि पारंपरिक ज्ञानावरचा हक्क गावाचा, असं म्हटलं आहे. तो हक्क मिळवायच्या नकाशातच आपण मुसळीचा पत्ता देऊन बसलो. देवाची जागा आहे एवढं सांगितलं तरी पुराव्याला पुरतं. तिथे नेऊन उभं करायला गावाचा माणूस असतो.

आता माझं मागणं.

तुमच्याकडे आमच्या गावचे जे कागद, फोटो, तक्ते, रेकॉर्डिंग असतील त्यांची एक यादी करा. (हो, यादीच. एक यादी आमच्यासाठीही होऊ द्या.) कोणाच्या लॅपटॉपवर, कोणाच्या फोनवर, कोणत्या मेलमध्ये. नोकरी सोडून गेलेल्या कार्यकर्त्यांना फोन करा, कारण आमचे अर्धे दावे त्यांच्या जुन्या फोनच्या गॅलरीत लग्नाच्या फोटोंच्या मध्ये आहेत. ज्याचं काम संपलं ते पुसा. मूळ कागद असेल तर परत आणून द्या. एका घराचं १९७० च्या आधीचं दंडपावतीचं पान असं गेलं आहे आणि ते कोणी नेलं ते कुणालाच आठवत नाही.

पुढे तक्ता बनवाल तेव्हा प्रत्येक रकान्यापुढे स्वतःला विचारा, हा ‘नमुना अ’ मध्ये आहे का. नसेल तर काढा. अपवाद हवा असेल तर ग्रामसभेत येऊन मागा. आधार खरंच लागत असेल तर फक्त शेवटचे चार आकडे दिसणारी प्रत घ्या, आणि झेरॉक्सवर आडवं लिहा, ‘फक्त वनहक्क दाव्यासाठी’, खाली तारीख. आधार कायद्याच्या कलम २९ प्रमाणे आधार क्रमांक जाहीर लावता येत नाही, हे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर याद्या चिकटवणाऱ्यांनाही जाता जाता सांगा. शेऱ्याचा रकाना तर कायमचा काढून टाका. त्यात कधी कुणाचं भलं लिहिलेलं मी पाहिलं नाही.

परवानगी घ्यायची तर कोऱ्या कागदावर अंगठा नको. त्या माणसाच्या बोलीत सांगा, हा कागद कुठे जातो, कोण बघतो, कधी परत येतो, आणि नाही म्हटलं तर दाव्याचं काही बिघडत नाही. हे शेवटचं सांगायला आपण नेमकं विसरतो. पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावाने होतो, तेव्हा विचारायचंही दोघांना.

आमच्या ग्रामसभेने गेल्या पावसाळ्यात एक वही केली. पंचायतीत आवक-जावक असते तशी. गावातून कागद बाहेर गेला की कोणी नेला, कशाला, परत कधी, आणि नेणाऱ्याची सही. पहिल्या पानावर माझी सही आहे, त्या तालुका ग्रुपवाल्या यादीबद्दल. ती नोंद मी स्वतःच घातली. ‘परत’च्या रकान्यात काही लिहिता आलेलं नाही. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही मेंढ्याची घोषणा तुम्ही आम्हाला शिकवली, तुमच्या झोळ्यांवर छापली. सरकार म्हटलं की दप्तर आलं, आणि दप्तरातून कागद नेला की सही आली. वही बघून एका संस्थेच्या ताई रागावल्या, आमच्यावर विश्वास नाही का म्हणाल्या. दुसऱ्या संस्थेचे दादा काही न बोलता सही करून गेले आणि पंधरा दिवसांनी ११ फाईली घेऊन परत आले. आम्हाला दोघंही हवे आहेत.

आजीचा दावा अजून उपविभागीय समितीतच आहे. बकऱ्यांचे पैसे मिळाले नाहीत. पोलिसांत जा म्हटलं तर ती म्हणाली, तिथे पुन्हा नाव, नवऱ्याचं नाव, आधार सगळं द्यावं लागल, आता नाही देत मी कुणाला. परवा एक सर्वेक्षणवाली पोरगी टॅब घेऊन आली तर आजीने दार लावून घेतलं. पोरगी बिचारी चांगली होती, कदाचित कामाच्याच योजनेची होती. मी मध्ये पडलो नाही.

तेंदूच्या आधी आमची ग्रामसभा बसेल. या. वही तिथेच असते.

एका गावच्या वनहक्क समितीचा माजी सचिव
जिल्हा गडचिरोली

(नाव-गाव ग्रामसभेला माहीत आहे.)